सावलीचे दिवस

गणपती जवळ आले, बाजारात ओल्या शाडूचा आणि केवड्याचा वास दरवळायला लागला, की माझ्या मनात ग्रहणांचा हिशोब आपोआप सुरू होतो आणि घटस्थापना, दसरा, कोजागरी असं करत करत दिवाळीची चाहूल लागेपर्यंत तो चालूच राहतो. पंचांगातल्या ग्रहणांशी त्याचा संबंध नाही. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळवून आकाशात एकाच जागी उभे असल्यासारखे जे दूरसंचार उपग्रह असतात, त्यांच्या वाट्याला वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, सुमारे पंचेचाळीस दिवसांचा सावलीचा हंगाम येतो. रोज एकदा पृथ्वी त्यांच्या आणि सूर्याच्या मधे येते. सुरुवातीला काही मिनिटंच, मग रोज थोडी थोडी जास्त, २२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला तब्बल ७२ मिनिटं, आणि तिथून उतरत उतरत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती सावली सरते. उरलेलं सगळं वर्ष त्या उपग्रहांना रात्र अशी नसतेच.

त्या बहात्तर मिनिटांत वर काय होतं हे डोळ्यांपुढे आणत मी माझं तारुण्य घालवलं. सूर्य मावळल्याबरोबर सौरपंखांची वीज शून्यावर येते, बॅटरीला सगळा भार उचलावा लागतो, आणि मघापर्यंत उन्हात तापलेले ते पातळ पंख काही मिनिटांतच शून्याखाली शंभर अंश ओलांडून जातात. तिथे हवा नाही, म्हणजे वारा नाही, म्हणजे पंखा लावून काही थंड करता येत नाही की शेगडी ठेवून खोली उबदार होत नाही. उष्णता जाते ती धातूतून धातूत, नाहीतर पृष्ठभागावरून सरळ काळ्या पोकळीत. आणि उपग्रहाच्या पोटातल्या बॅटरीला, इंधनाच्या नळ्यांना, नाजूक विद्युतमंडलांना मात्र आपल्या घरात असतं तसंच हवामान हवं असतं. ना फार ऊन, ना फार थंडी. उन्हातली बाजू आणि सावलीतली बाजू यांच्यात दोन-अडीचशे अंशांचा फरक आणि मधल्या हातभर जागेत हे सुखाचं हवामान राखायचं, हे आमच्या विभागाचं काम. आम्हाला सगळे ‘थर्मलवाले’ म्हणत.

मी थर्मलवाला झालो तो दोन रुपयांच्या नोटेपायी, असं म्हटलं तरी चालेल. ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यारहून अवकाशात गेला आणि थोड्याच काळात दोन रुपयांच्या नोटेमागे त्याचं चित्र आलं. कऱ्हाडच्या मंडईत, कोथिंबिरीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या त्या नोटेवरचा, सव्वीस पैलूंचा, निळसर काळ्या काचतुकड्यांनी मढवलेला तो गोळा मी बोटानं चाचपून पाहत असे आणि हे आपल्या माणसांनी हातानं जोडलंय, म्हणजे तिथे माझ्याही हातांना जागा असणार, असं मला अगदी साधेपणानं वाटे. त्या वाटण्यातला भाबडेपणा आज मला फार प्रिय आहे, कारण तो खरा निघाला. सांगलीची पदवी, इस्रोची एक लेखी परीक्षा, एक मुलाखत, आणि मग मिरजेहून निघणारी ती मीटरगेजची रात्रगाडी: कोळशाचा धूर, खिडकीतून येणारे आणि डोळ्यांत जाणारे कण, बेळगाव मागे पडल्यावर बदलत गेलेला चहावाल्यांचा सूर, आणि सकाळी बंगळुरूच्या फलाटावर, कोंडलेल्या धुरातून एकदम नाकात शिरलेला कॉफीच्या डिकॉक्शनचा आणि मोगऱ्याचा मिसळलेला वास.

मी कल्पना केली होती ती काचेच्या उंच इमारतीची. पीण्या ही तेव्हा शहराबाहेरची औद्योगिक वसाहत होती. लेथ यंत्रांचा कर्रर्र आवाज, कापणीच्या तेलाचा उग्र दर्प, लाल धूळ, आणि त्या सगळ्यांत कारखान्यांसाठी बांधलेल्या काही साध्या शेड, ज्यांत आर्यभट जन्माला आला होता. आर्यभट प्रकल्पाचे प्रमुख प्रा. यू. आर. राव यांनी पुढे अनेकदा सांगितलेली गोष्ट मी तिथल्या जुन्या मंडळींकडून ऐकली: आर्यभटाकडून येणारी माहिती उतरवून घ्यायला जागा नव्हती म्हणून बंगळुरूत एका स्वच्छतागृहाचंच ग्रहणकेंद्र केलं होतं. ती मंडळी हे सांगताना हसत नसत. जागा हवी होती, तिथे होती, वापरली, एवढंच.

शेडच्या आत मात्र दुसरं जग होतं. क्लीनरूमच्या दाराशी चपला काढायच्या, मग पांढरा डगला, टोपी, कापडी बूट, हातमोजे. दोन दारांच्या मधल्या अरुंद जागेत वाऱ्याचा जोराचा झोत अंगावर घ्यायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. रोज सकाळी हे करताना गावाकडे देवघरात जाण्याआधीचा आईचा सोवळ्याचा व्याप मला आठवे. आत पावडर चालत नसे, केसांना तेल फार लावलेलं चालत नसे, पेन्सिल चालत नसे, कारण तिच्या शिशाचा भुगा वीज वाहून नेतो. आमच्याबरोबर हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्यांच्या कामावर मुली होत्या. त्या येताना केसांत मोगऱ्याचे गजरे माळून येत आणि दाराबाहेरच्या खिळ्यांवर ते काढून ठेवत. संध्याकाळी बाहेर पडलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थंड, बोचरा वास नाकातून जायच्या आत दिवसभर सुकलेल्या त्या गजऱ्यांचा वास यायचा. आजही इंजेक्शन देण्याआधी नर्सनं दंडावर बोळा फिरवला की मला मोगरा आठवतो.

हातमोज्यांचं कारण आधी कळलं नव्हतं, ते आमच्या मेस्त्रींनी समजावलं. मेस्त्री म्हणजे विभागातले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. शिक्षण थोडं, हात सोन्याचे, बोलणं कानडी, तमिळ आणि तीन-चार इंग्रजी क्रियापदांतलं. त्यांनी एका चकचकीत पत्र्यावर माझा अंगठा उमटवला आणि मला तो दिव्याखाली तिरका धरून दाखवला. घामातलं, तेलातलं जे काही तिथे राहतं ते पोकळीत गेल्यावर वाफ होऊन निघतं आणि जिथे थंड पृष्ठभाग सापडेल तिथे जाऊन बसतं. तो थंड पृष्ठभाग कॅमेऱ्याचं भिंग असू शकतं, किंवा उष्णता बाहेर फेकणारा आरसा. मग ते भिंग आंधळं होतं, तो आरसा मळतो आणि वर्षभरात उपग्रह तापू लागतो. ‘इल्लि टच, अल्लि ट्रबल’, म्हणजे इथे स्पर्श, तिथे त्रास, असं मेस्त्री म्हणाले. मी तेव्हापासून कुठलाही पृष्ठभाग बोटानं चाचपून पाहायचं सोडलं, नोटसुद्धा.

आता त्या सोनेरी वेष्टनाबद्दल. उपग्रहाचा फोटो पाहिला की लोक विचारतात, एवढं सोनं कशाला? ते सोनं नसतं. कॅप्टॉन नावाच्या, मधासारख्या पिवळट रंगाच्या पातळ पापुद्र्याला आतून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला असतो. आतली चांदी बाहेरच्या मधातून दिसते आणि डोळ्यांना सोनं वाटतं. असे दहा-वीस ताव, मायलरचे आणि कॅप्टॉनचे, एकावर एक ठेवायचे, दोन तावांमधे डॅक्रॉनची झिरझिरीत जाळी घालायची, म्हणजे ताव एकमेकांना टेकत नाहीत, आणि मग कडेनं शिवायचं. त्याला आम्ही ब्लँकेट म्हणत असू. पण पहिल्या दिवशी मेस्त्रींनी ते थर टेबलावर अंथरले, चारी कोपरे सारखे केले, तळहातानं सुरकुत्या कडेकडे सारल्या आणि सुईत दोरा ओवला, तेव्हा मला दिसली ती आमच्या ओसरीवर पसरलेली गोधडी.

आई दर उन्हाळ्यात गोधड्या शिवत असे. जुनी लुगडी, बाबांची विरलेली धोतरं, आमचे आखूड झालेले सदरे, सगळं धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून थर लावायचे, आणि मग ती आणि शेजारच्या काकू समोरासमोर बसून कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत येत. दुपारभर सुईचा कापडातून निघतानाचा तो बारीक ‘सूक सूक’ आवाज, बांगड्यांची किणकिण, मधेच चुना तंबाखूत मळल्याचा वास, आणि गोधडीखाली शिरून झोपलेले आम्ही, ज्यांच्या पाठीला कधी तरी सुई टोचलीच पाहिजे. तिचा धावदोरा इतका दाट असे की कापड दिसू नये. टाका जितका दाट तितकी गोधडी टिकाऊ, असं तिचं शास्त्र.

आमचं शास्त्र नेमकं उलटं. प्रत्येक टाका म्हणजे थरातून थरात उष्णतेला केलेली वाट, म्हणून टाके जितके कमी आणि जितके सैल तितकी ऊब जास्त. थर दाबले गेले की संपलं. ते फुगीर, एकमेकांपासून अलिप्त राहायला हवेत. शिवाय त्यांना बारीक छिद्रं पाडावी लागतात, कारण रॉकेट वर चढताना मिनिट-दोन मिनिटांत भोवतालची हवा नाहीशी होते आणि थरांत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर ब्लँकेट फुगून फाटतं. आणि प्रत्येक थराला एक तांब्याची पट्टी जोडून उपग्रहाच्या अंगाशी जोडायची, नाहीतर वरच्या विद्युतभारित कणांच्या माऱ्यानं थरांवर वीज साठते आणि ठिणगी पडते. सुट्टीत घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं, तेव्हा हातातली सुई न थांबवता तिनं विचारलं, ‘मग ती रात्री सरकते कशावरून नाही?’ तिच्या प्रश्नाला उत्तर होतं. त्यासाठी व्हेल्क्रो असतो आणि पिना असतात, आणि शेकरवर, म्हणजे कंपनयंत्रावर, सगळा उपग्रह दोन-दोन दिवस हलवून पाहतात तो त्याचसाठी.

ग्रॅमाग्रॅमावरून होणारे वाद ही त्या काळाची दुसरी आठवण. अमोनियाच्या वासाच्या निळ्या नकाशांनी भरलेलं मोठं टेबल, भोवती प्रत्येक विभागाचा एक माणूस, आणि मधे एकच वही, जिच्यात वजनाचा हिशोब. अँटेनावाल्यांना मोठी तबकडी हवी, वीजवाल्यांना जाड तारा हव्यात, इंजिनवाल्यांना अजून थोडं इंधन हवं, कारण इंधन म्हणजेच आयुष्य, आणि आम्हाला अजून दोन हीटर हवेत. उपग्रहाचं संकल्पन म्हणजे काय ते मला तिथे कळलं: प्रत्येकाचं म्हणणं रास्त असताना प्रत्येकाला थोडं उपाशी ठेवायचं. हे काम कोणत्याही सूत्रानं होत नाही. माणसं ओरडतात, कागद फेकतात, कॉफी मागवतात, आणि कॉफी येईपर्यंत कोणीतरी चाळीस ग्रॅम सोडून देतो.

मग थर्मोव्हॅकच्या रात्री. पोलादी पिंपात उपग्रहाचे भाग ठेवायचे, दार बंद करायचं, पंप सुरू करायचे आणि हवा निघता निघता पंपांचा धडधडाट हळूहळू एका खोल, सलग गुंजनात बदलताना ऐकत राहायचं. भोवतालच्या भिंतींतून द्रव नायट्रोजन फिरवायचा, उणे १९६ अंशांचा. नळ्यांच्या सांध्यांवर पांढरं बर्फ धरे आणि जमिनीवर गुडघ्याएवढं धुकं सांडे, ज्यात आमचे पाय दिसेनासे होत. आलेखयंत्राची लेखणी कागदावर खरखरत तापमानाची रेघ काढत असे आणि ती रेघ आमच्या आकडेमोडीप्रमाणे वळते का हे पाहत आम्ही पहाट करत असू. या चाचण्या दिवसरात्र सलग चालतात, कारण मधे थांबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या रात्री कधीतरी एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा घटक, भलताच आकडा दाखवू लागे. मग तो थर्मिस्टर खोटा की आपलं गणित खोटं, यावर पहाटेच्या थंडीत, मफलर गुंडाळून, दोन माणसं अत्यंत हळू आवाजात भांडत. कित्येकदा गणित खोटं निघे, आणि ते जमिनीवरच खोटं निघालं याचा जो आनंद होई तो मला पुढे कुठल्या बढतीनं दिला नाही.

‘ॲपल’ हा आपला पहिला भूस्थिर दूरसंचार उपग्रह, वजन ६७० किलो. तो बैलगाडीवर ठेवलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. परदेशी मासिकांनी तो गरीब देशाच्या धडपडीचं चित्र म्हणून छापला आणि आपल्याकडेही काही जण अजून तो शरमेनं पाहतात. कारण साधं होतं: अँटेनाची चाचणी उघड्या मैदानात घ्यायची होती, आणि ट्रकचा लोखंडी सांगाडा रेडिओलहरींना परतवतो, गोंधळवतो. लाकडी बैलगाडी ते करत नाही. त्या कामासाठी याहून योग्य वाहन जगातल्या कुठल्याही संस्थेला मिळालं नसतं. मला तो फोटो भारतीय अभियांत्रिकीचा सर्वांत स्वच्छ विचार वाटतो, आणि हे मी पूर्ण विचारानं लिहितो आहे.

ॲपलला नेणारं एरियान रॉकेट तेव्हा स्वतःच नवं होतं. मे १९८० मधलं त्याचं दुसरं उड्डाण समुद्रात संपलं होतं आणि आमचा उपग्रह होता तिसऱ्या उड्डाणावर, युरोपच्या ‘मेटिओसॅट-२’ या हवामान-उपग्रहाच्या सोबतीनं. १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातल्या कौरूहून ते उडालं आणि नीट उडालं. पुढे उपग्रहाच्या पोटातल्या, एसएलव्ही-३ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून घडवलेल्या आपल्या घन इंधनाच्या मोटारीनं त्याला वरच्या कक्षेत ढकललं. मग सौरपंख उघडायची आज्ञा गेली. एक उघडला. दुसरा उघडला नाही.

त्या वर्षी गणपतीला मी घरी नव्हतो. श्रीहरीकोट्याला होतो, आणि आमचे सावलीचे दिवस सुरू झाले होते. एका पंखाची वीज, तीही बॅटरी भरायला, हीटर चालवायला आणि उपग्रहाचं खरं काम करायला पुरवायची. १०२ अंश पूर्व रेखांशावरची त्याची मध्यरात्र आपल्या घड्याळात पावणेअकराच्या आसपास पडते. दहाच्या सुमाराला सावली सुरू होई. बाहेर सरूच्या बनातून समुद्राचा वारा घोंघावत असे, टेलिप्रिंटर खडखडत असे, मी पडद्यावरचे बॅटरीचे आणि नळ्यांचे आकडे उतरताना पाहत असे, आणि कुठला हीटर आता बंद ठेवायचा, कुठला पाच मिनिटांनी लावायचा हे आम्ही ठरवत असू. सव्वाअकरा होत आले की आकडे थबकत आणि मग एखाद्या अंशानं वर सरकत. वर सूर्य उगवला होता. कोणीतरी खुर्ची मागे सरकवे, कोणीतरी थर्मास उघडे, आणि काळ्या कॉफीचा वास खोलीभर पसरे. त्या एका पंखावर ॲपल सप्टेंबर १९८३ पर्यंत चालला. त्यानं दूरचित्रवाणीचे, रेडिओजाळ्यांचे, संगणक जोडण्याचे प्रयोग केले, आणि पुढच्या इन्सॅट उपग्रहांच्या पिढ्यांना माणसं शिकवून दिली.

आपल्या मुलखातली मोठी माणसंही या कामात होती: इन्सॅट-१ चे प्रकल्प संचालक पुण्याचे प्रमोद काळे, तिकडे तिरुअनंतपुरमला विक्रम साराभाई केंद्राचे प्रमुख वसंतराव गोवारीकर, आणि थुंब्याच्या रॉकेट-तळाची जागा शोधण्यापासून साराभाईंबरोबर असलेले कोल्हापूरचे एकनाथराव चिटणीस. त्यांची नावं गावाकडे सांगितली की लोकांचे चेहरे उजळत. पण मला अधिक आठवतो माझा मावसभाऊ, जो वालचंदनगरच्या कारखान्यात वेल्डिंगच्या खात्यात होता. इंदापूरच्या उसाच्या मुलखात, मळीच्या गोडसर, आंबूस वासानं भरलेल्या त्या गावात, साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारी माणसं सत्तरच्या दशकापासून रॉकेटच्या मोटारींची पोलादी कवचंही बनवू लागली. पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा पाहिलात तर व्यास २.८ मीटर, मॅरेजिंग पोलाद नावाच्या चिवट धातूचा, आणि त्यातलं वेल्डिंग असं की क्ष-किरणांतही त्यात बुडबुडा दिसता कामा नये. भाऊ मला म्हणे, ‘तुमचं ते वर नाजूक नाजूक, आमचं खाली दांडगं’. आणि मग दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर ओल्या केसांनी, चकली मोडत, आम्ही सांध्यांबद्दल तासभर बोलत असू. त्याच्या अंगाला उटण्याच्या वासाखाली जळक्या धातूचा एक वास कायम असे.

आता मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. आमचं काम पीण्याहून विमानपुऱ्याला गेलं, आमच्या उपग्रह केंद्राला प्रा. रावांचं नाव मिळालं, मेस्त्री गेले, निळे नकाशे गेले, अमोनियाचा वास गेला. आम्ही आठवडाभर गणकयंत्रावर करत असलेला उष्णतेचा हिशोब आता मुलं जेवायला जाण्याआधी संगणकाला लावून जातात आणि परत येईपर्यंत तो रंगीत चित्रासह तयार असतो. मला याचं वाईट वाटत नाही. आलेखयंत्राची खरखर मला हवीहवीशी वाटते, पण तिच्यापायी जागून काढलेल्या रात्री कोणाला परत द्याव्यात असं नाही वाटत. ब्लँकेट मात्र अजून बहुतेक हातानंच शिवतात.

आणि जो अवघडपणा आम्हाला छळत होता तो कमी झालेला नाही, दूर गेला आहे. २०२१ च्या नाताळात त्याच कौरूहून, एरियानच्याच पुढच्या पिढीच्या रॉकेटवरून जेम्स वेब दुर्बीण निघाली, तेव्हा मी संध्याकाळी बसून पाहत होतो. तिचा सूर्यपडदा टेनिसच्या मैदानाएवढा, पाच थरांचा, कॅप्टॉनचाच. उन्हाच्या बाजूला ८५ अंश आणि सावलीकडे उणे २३३. एकेक थर पन्नासहून अधिक तुकडे जोडून केलेला. घडी घालून नेलेला तो पडदा वर उलगडायला १०७ खटके एकेक करून सुटायला हवे होते आणि एकही अडकला तर दुर्बीण गेली. पंधरा लाख किलोमीटरवर कोणी हात लावायला जाणार नव्हतं. ॲपलच्या त्या एका पंखाची ज्याला आठवण आहे त्यानं तो आठवडा कसा काढला असेल ते सांगत नाही. पण ते १०७ खटके सुटले, आणि का सुटले तेही मला माहीत आहे: उड्डाणाआधी, जमिनीवरच्या सरावात, त्याच पडद्यांना चिरा गेल्या होत्या आणि आवाजाच्या चाचणीनंतर काही स्क्रू सुटून पडलेले सापडले होते. उड्डाण पुढे गेलं, टीका झाली, खर्च वाढला, आणि चिरा सांधल्या गेल्या.

चांद्रयान-२ चं लँडर ७ सप्टेंबर २०१९ रोजी उतरताना कोसळलं त्या पहाटे पुष्कळ घरांत रडू आलं. पुढची जवळपास चार वर्षं आपल्या लोकांनी जे केलं ते मात्र घराघरांत सांगितलं गेलं नाही, ते सांगायला हवं. काय काय बिघडू शकतं याची यादी करून त्यांनी लँडर त्या यादीभोवती नव्यानं घडवलं. मधलं पाचवं इंजिन काढलं, पाय बळकट केले, इंधन वाढवलं, वेग मोजायला लेसरचं नवं उपकरण बसवलं, कुठल्याही बाजूला कललं तरी वीज मिळावी म्हणून अंगावर जास्त सौरपट्ट्या लावल्या, उतरण्याची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनाऐवजी चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद धरली. हेलिकॉप्टरला टांगून, क्रेनला टांगून पुन्हा पुन्हा पाहिलं. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं. चार-पाच दिवसांनी त्यातल्या ‘चॅस्ट’ या उपकरणाचा पहिला आलेख प्रसिद्ध झाला, तेव्हा माझा चहा निवून गेला: चंद्राच्या मातीच्या पृष्ठभागाशी पन्नास अंशांहून अधिक, आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. इतकी फुसफुशीत, कणाला कण जेमतेम टेकलेली ती माती. तिथे कणांमधून उष्णता न्यायला हवाच नव्हती. आईला हे दाखवायला हवं होतं.

उतरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, तिथे रात्र होण्याआधी, लँडर विक्रम आणि रोव्हर प्रज्ञान झोपवले गेले. चंद्राची रात्र आपल्या चौदा दिवसांची. तेवढी थंडी काढायची तर आतली ऊब सहसा किरणोत्सारी इंधनातून आणतात, आणि ती त्यांच्यात नव्हती. पुढच्या सकाळी हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मंगळयानाचंही तसंच झालं: सहा महिन्यांसाठी घडवलेलं ते यान सात वर्षांहून अधिक चाललं, आणि अखेर एप्रिल २०२२ मधल्या एका लांब सावलीनंतर त्याचा आवाज पुन्हा आला नाही. पुढची अवघड कामं, चंद्राच्या ध्रुवांवर राहणं, माती घेऊन परतणं, माणसांना नेऊन सुखरूप आणणं, ही बरीचशी या ऊब राखण्याच्याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, असं मला वाटतं. इंजिनांचं कौतुक होतं, ते व्हावंच.

आता बंगळुरूत, हैदराबादेत, पुण्यातही नव्या कंपन्या उपग्रह बनवतात. बाजारात मिळणारे सुटे भाग, सारख्याच नमुन्याचे दहा-दहा उपग्रह, वर्षाच्या आत उड्डाण. हे चांगलं आहे. माझ्या पुतणीची मुलगी अशाच एका ठिकाणी लागली आहे आणि तिचा पगार ऐकून मी चकित झालो. पण तिच्याकडून मला कळतं की उशीर होऊ लागला की सगळ्यांत आधी कात्री लागते ती चाचण्यांना, त्यातही थर्मोव्हॅकला, कारण ती सर्वांत लांब, सर्वांत महाग आणि बाहेरून पाहणाऱ्याला सर्वांत निष्क्रिय दिसते: एक बंद पिंप आणि आठवडाभर त्याच्याकडे बघत बसलेली माणसं. तेव्हा त्या मुलामुलींना, आणि त्यांच्या कंपन्यांत ज्यांनी पैसे घातले आहेत त्यांनाही, माझं आर्जवाचं सांगणं आहे. रंग वाचवा, वजन वाचवा, जाहिरात वाचवा, हवं तर एक कॅमेरा कमी न्या. चाचणीचे दिवस कापू नका. आकडा जुळत नसेल तर दार उघडा, दुरुस्त करा, पुन्हा बंद करा, हवा पुन्हा काढा, आणि उड्डाणाची तारीख पुढे ढकला.